खिंडीतला पेरूचा पाला

दिवाळी उरकली, आकाशकंदील माळ्यावर गेला आणि आमच्या आळीत ट्रंका बाहेर पडू लागल्या. शेजारच्या वसंताचं गेल्या वैशाखात लग्न झालं. तो बायकोला घेऊन चार दिवस लोणावळ्याला निघालाय. परवा सकाळी कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला.

"काका, तुम्ही तिथे चार महिने काढलेत ना? बघण्यासारखं काय काय आहे, जरा क्रमवार लिहून द्या. हिला सगळं दाखवायचंय."

'हिला' म्हणताना अजून त्याचे कान लाल होतात. मी कागद ठेवून घेतला. चार महिने काढले हे खरं आहे. पण क्रमांक एक लिहिला, पुढे पूर्णविराम दिला, आणि पेन्सिल तिथेच थांबली. दोन दिवस झाले, कागद तसाच आहे. पहाटे थंडी पडते, खालच्या परसातल्या पेरूवर पोपट येतात, आणि तो हिवाळा पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतो.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी विधवा झाली, मग ट्रेनिंग कॉलेज, मग मुलींच्या शाळेत भूगोल. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, म्हणजे मुख्यतः सुधारलं. त्या वर्षी श्रावणापासून तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, हवापालट करा. नातेवाईक म्हणाले, अशक्तपणाच आहे, आणि बोलताना दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. दोन अक्षरांचा खरा शब्द सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून कोणीच उच्चारला नाही. मी नुकताच बी. ए. झालो होतो, म्हणजे घरातला एकमेव रिकामा माणूस. त्यामुळे बरोबर कोणी जायचं हा प्रश्न उद्भवलाच नाही.

तुंगार्लीच्या रस्त्याला एका बंगल्याचा अर्धा भाग मिळाला. मालक मुंबईला. मे महिन्यात त्याच खोल्यांसाठी लोक वशिले लावत, पण कार्तिकात तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद बंगले, फाटकांना गंजकी कुलुपं, आणि कुलुपांमागे इंग्रजी फुलांची वाळलेली नावं. कंपाउंडात एक पेरूचं झाड आणि एक अर्धवट बहिरा माळी होता. पेरूचा उपयोग जास्त होता.

टेबलाच्या खणात एक पुस्तिका सापडली. जवळच्या एका मोठ्या हॉटेलाने पाहुण्यांसाठी छापलेली, प्रेक्षणीय स्थळांच्या माहितीची. सतरा स्थळं होती. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की इथलं सौंदर्य शब्दांत सांगताच येत नाही. हे सांगायला त्याला चाळीस पानं लागली होती. प्रत्येक कड्याला कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या बायकोचं नाव दिलेलं. सह्याद्री एवढी वर्षं तिथे उभा होता, पण कोणी बाई खुर्ची टाकून बसल्याशिवाय तो 'पॉइंट' झाला नव्हता.

ताईने पुस्तिका एका दुपारी वाचून संपवली आणि माझ्या हातात दिली.

"बापू, उद्यापासून रोज तीन ते पाच बाहेर पडायचं. एक एक स्थळ बघून यायचं."

"आणि तू?"

"मी निजणार. तू माझ्या उशाशी बसून माझे श्वास मोजतोस, त्याने मला झोप येत नाही. जा. पण नीट बघ हं, आल्यावर उलटतपासणी आहे."

तिचा एक बेत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, होळीपर्यंत ताप उतरला तर जूनमध्ये शाळा धरता येईल. ताईचं म्हणणं, शाळा मग, आधी कडा. आपल्या पायांनी खिंडीतून वर जायचं आणि घाटमाथ्याच्या टोकावरून खाली कोकण बघायचं. "बारा वर्षं मुलींना सांगतेय, सह्याद्री म्हणजे पूर्वेला पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारा आणि पश्चिमेला एकदम तुटलेला. फळ्यावर कंगव्याचे दात काढून दाखवते. मी स्वतः कुठे पाहिलाय? पुणं सोडून मी गेले कुठे? एकदा बघून घ्यावं, नाहीतर खोटं शिकवल्याचं पाप लागेल."

पहिल्या दिवशी मी छत्री, पुस्तिका आणि उत्साह घेऊन निघालो. बंगल्यापासून तीनेकशे पावलांवर रस्ता एका ओढ्यावरून जातो. तिथे दगडी मोरी आहे. मोरीवर पोचलो आणि सहज मागे वळून पाहिलं. व्हरांडा दिसत होता. कॉट दिसत होती, तिच्यावरची तांबडी शाल दिसत होती. पुढे वळण होतं. वळणापलीकडे गेलो की हे काही दिसणार नाही, एवढंच मनात आलं. तिला खोकल्याची उबळ आली तर? मागच्या आठवड्यासारखं रुमालावर काही दिसलं तर? माळ्याला तर हाक दोनदा मारावी लागते.

मी मोरीवर बसलो. पाच वाजेपर्यंत बसलो. पुस्तिकेतलं पहिलं स्थळ दोनदा वाचलं आणि परत येऊन ताईला जसंच्या तसं सांगितलं, फक्त विशेषणं निम्मी केली. माझा स्वभाव तिला ठाऊक होता. सगळी विशेषणं ठेवली असती तर तिथेच पकडला गेलो असतो.

मग ते रोजचंच झालं. तीनला निघायचं, मोरीवर बसायचं, पाचला सह्याद्री पाहून परत यायचं. लोहगड मी मोरीवरून चढलो. कार्ल्याच्या लेण्यांतले खांब मोरीवर बसून मोजले. नागफणीचा सुळका मला इतका पाठ झाला की अजूनही कोणी मित्र तिथे जाऊन आला तर मी त्याच्या चुका काढतो.

त्या मोरीवरून खरं जे दिसलं, ते पुस्तिकेत नव्हतं. ओढ्यातलं पाणी रोज बोटभर कमी व्हायचं. समोरच्या उतारावरचं गवत आधी हिरवं होतं, मग पिवळं झालं, मग मातीच्या रंगाचं. खालच्या खाचरांत भाताची झोडणी चालली होती. पेंढी दगडावर आपटल्याचा आवाज थोडा उशिराने यायचा, हात वर गेलेला असताना. वाऱ्याबरोबर नव्या भाताचा वास यायचा आणि उगाच घरी कोणीतरी वाट बघतंय असं वाटायचं. घर तर पाठीमागे तीनशे पावलांवर होतं. वाट बघणं मात्र दोन्हीकडे सारखंच होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

उलटतपासणी मात्र कडक असायची.

"कड्याचं तोंड कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला."

"सूर्य?"

"समोर."

"बरोबर. पुढे?"

"पुढे खाली दरी. दरीतून आगगाडी वळणं घेत चाललेली, धुराची लांबच लांब रेघ..."

"धूर?" ताई उशीवरून उठून बसली. "अरे, घाटात विजेची गाडी होऊन किती वर्षं झाली! धूर कुठला?"

पुस्तिका जुनी होती. "मालगाडी असेल," मी म्हणालो.

"मालगाडी कंदिलावर चालते वाटतं?"

"शेतकऱ्यांनी राब भाजला असेल खाली. लांबून काय कळतंय!"

"हं," म्हणून ती पुन्हा आडवी झाली. धबधब्याच्या वेळीही तेच. मी सांगितलं, धो धो कोसळतोय, तुषार अंगावर येतात. ताईने विचारलं, "पौषात?" मी म्हणालो, डोंगराच्या पोटातले झरे असतात, सांगता येत नाही. पोरींनी उत्तर ठोकून दिलं की वर्गात ती जशी खिडकीबाहेर बघायची, तशी तिने पेरूच्या झाडाकडे पाहिलं आणि गुण न देता पुढचा प्रश्न विचारला.

एकच हकीकत मी पदरचं काही न घालता सांगितली. कुठलेसे संस्थानिक त्या मोठ्या हॉटेलात उतरले होते. ते सूर्यास्त बघायला निघाले, ते माझ्या मोरीवरूनच. पुढे दोन चोपदार, मागे डोक्यावर मखमली खुर्ची घेतलेला माणूस, त्यामागे गालिचा, त्यामागे चहाचा सरंजाम, आणि सगळ्यात मागे तीन माणसांचं बँडपथक. तासाभराने, पाच वाजायच्या आतच, मंडळी परतली. पश्चिमेला ढग आले होते, सूर्य काही दिसला नव्हता. एक कारभारी दुसऱ्याला सांगत होता, महाराजांनी ढगाकडे बघून मान डोलावली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी पळतच घरी आलो आणि ताईला सांगितलं. ती हसून हसून खोकली आणि म्हणाली, "हे मात्र अगदीच अशक्य. थापा मारायच्या तर बेताच्या माराव्यात, बापू." चार महिन्यांत मी स्वतः पाहून सांगितलेली ती एकच गोष्ट, आणि तिच्यावर तिचा विश्वास बसला नाही.

आमच्याकडे माणूस असं एकच यायचं, बुधी. खिंडीच्या वर ठाकरांची वाडी आहे, तिथली. चाळिशीची असेल. एक दिवसाआड जळणाची मोळी घेऊन उतरायची. मोळी टाकली की पायरीवर टेकायची आणि ताई तिची तोंडी परीक्षा घ्यायची: वाडीत घरं किती, पाणी कुठून, पाऊस कधी सुरू होतो. ताईच्या मते त्या पुस्तिकेपेक्षा बुधी जास्त बिनचूक होती.

खिंडीतल्या देवीची गोष्ट तिच्याकडूनच कळली. देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक धोंडा, आणि त्याच्यासमोर पाल्याचा ढीग. खिंड ओलांडणाऱ्याने जाताना वाटेतल्या झाडाची एक हिरवी डहाळी मोडायची आणि ढिगावर ठेवायची. म्हणजे माणूस त्याच वाटेने घरी परत येतो. मोळीवाली असो की मामलेदार, पाला सगळ्यांना सारखा. मला ती देवी पॉइंटवाल्या मंडळींपेक्षा बरीच समजूतदार वाटली.

त्याच संध्याकाळी मी 'खिंडीवरून' परतलो. बुधी अजून पायरीवरच होती.

"काय रे, खिंडीत पाला ठेवलास का?" ताईने विचारलं.

"ठेवला की."

"कशाचा?"

मला पटकन आठवलं ते एकच रानझाड. "करवंदीचा," मी सांगितलं.

बुधीने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. "अवं दादा, आईला काटा? काटेरी पाला कुनी ठिवत न्हाई. शेरडंबी जानत्यात!"

ताईने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बुधीचं हसू थांबलं. "त्याला कोण सांगणार, बुधे? शहरातला आहे," ताई म्हणाली. "बस, बापू. पाय दुखले असतील." मी बसलो. पाय खरोखरच दुखत होते. मोरीचा दगड गार असतो.

माघात ताप चढला. संध्याकाळचा होता तो दुपारी येऊ लागला. तीन वाजले की ताई तरीही म्हणायची, "निघ." मी निघायचो. आता पुस्तिकाही नेत नव्हतो. परत आलो की ती उलटतपासणी घेत नसे, डोळे मिटून म्हणायची, "सांग." मी सांगायचो. दिशा चुकत होत्या, ऋतू चुकत होते, आणि ती एकही चूक काढत नव्हती. मला तेव्हा भीती वाटली ती त्याची.

फाल्गुन लागता लागता आम्ही परत निघालो. कामशेतच्या फलाटावर तांदळाच्या पोत्यांची रास होती. ताईने खिडकीतून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. घोरावाडी मागे पडल्यावर ती म्हणाली, "सतराच्या सतरा झाली तुझी. सगळ्यात चांगलं कुठलं वाटलं?"

"कडा," मी म्हणालो.

"मला आपला व्हरांडा आवडला. समोरचा देखावा चांगला होता."

समोर होता काय? रस्ता, ओढा, मोरी. मला वाटलं, तापात बोलतेय. पाडवा झाला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर अकरा वर्षं मी लोणावळ्याला गेलो नाही. गाडीतून कितीदा तरी गेलो, पण स्टेशन आलं की वर्तमानपत्र उघडायचो. गेल्या माघात एका शाळेच्या कामासाठी उतरावंच लागलं. काम सकाळीच आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता. पाय आपण होऊन तुंगार्लीच्या रस्त्याला लागले.

बंगल्याचं आता विश्रामधाम झालं आहे. फाटकावर पाटी आहे, क्षयाच्या रोग्यांना जागा मिळणार नाही. ते दोन अक्षरी नाव अखेर त्या जागी कोणीतरी स्पष्ट लिहिलं. बिगरहंगाम असल्याने आत कोणी नव्हतं. मी व्हरांड्यात गेलो आणि जिथे कॉट असायची तिथे, काय वाटलं कोण जाणे, जमिनीवर बसलो. नजर कॉटच्या उंचीला आली. पेरूच्या दोन फांद्यांमधून समोर मोरी दिसत होती. पूर्ण. मोरीच्या कठड्यावर एक म्हातारी मोळी टेकवून उभी होती. तिच्या लुगड्याचा रंगही ओळखता येत होता.

मी तसाच उठून मोरीकडे गेलो. म्हातारीने डोळ्यांवर हात धरला.

"मोरीवाला दादा व्हय रं तू?"

बुधी होती. केस पिकले होते, दात कमी झाले होते. "मोरीवाला?" मी विचारलं.

"मंग? आमी समदी तुला तेच म्हनायचो. रोज बसल्यालाच असायचा न्हवं हितं, कावळ्यावानी." मग ती थांबली. "बाई?"

मी मान हलवली. तिने मोळी खाली ठेवली आणि कठड्यावर बसली.

"बाईंना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"आता! त्यास्नी दिसायचंच की. पडल्या पडल्या बगत बसायच्या. दादा निगाला, दादा बसला, दादानं टोपी काडली. निजायच्या कुटं? तू उटलास की मंग डोळं मिटायच्या."

"मग मला बोलली का नाही कधी?"

"म्याबी तेच इचारलं येकदा. म्हनलं, बाई, वरडा की त्याला, येवढा खोटं बोलतोय. तर म्हनल्या, बुधे, सांगितलं तर उद्यापासनं खरंच जाईल."

ओढ्यात पाणी नव्हतं.

बुधी मोळी विकून येईपर्यंत मी तिथेच होतो. मग तिच्याबरोबर वर निघालो. वळण ओलांडताना मागे पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे आता कोणी नव्हतं. चढ मोठा नाही. तासाभरात खिंड आली. शेंदराचा धोंडा, पाल्याचा ढीग, वरचा हिरवा आणि तळचा कुजून माती झालेला.

"हितं दोन महिनं येक दिसाआड पेरू असायचा," बुधी म्हणाली. "वाडीतली मानसं इचारायची, रानात पेरूचा पाला आनतंय कोन? म्या आनायची. बाई कॉटवरनं हात लांबवून डहाळी मोडायच्या. दोन. म्हनायच्या, येक माजी, येक आमच्या बापूची. म्हनलं, दादा तर खिंडीत येतच न्हाई. तर म्हनल्या, त्यानं ठिवला म्हून सांगितलंय न्हवं, मंग आईच्या म्होरं त्याला खोटा पडू द्यायचा का?"

ताईचा देवावर विश्वास नव्हता. चुकीच्या उत्तराखाली बरोबर उत्तर लिहून ठेवायची मात्र तिला सवय होती.

"पर म्या त्यास्नी सांगितलं व्हतं," बुधी हळू म्हणाली. "दुसऱ्याच्या हातनं पाला पोचतो, बाई, मानूस न्हाई पोचत. हसल्या. म्हनल्या, पाला तर पोचू दे."

मी आजूबाजूला पाहिलं. बिनकाट्याचं झाड कुठलं ते बुधीने दाखवलं. मी दोन डहाळ्या मोडल्या आणि ठेवल्या. बुधी तिथून वाडीकडे वळली आणि मी एकटा टोकापर्यंत गेलो.

कडा तिथे आहे. आता मी पाहिलेला आहे, त्यामुळे सांगतो. पायाखालची जमीन एकदम संपते. खाली कोकण, धुरकट, शांत, फारसं काही न बोलणारं. डावीकडून उजवीकडे डोंगराची कड तुटत गेलेली, दात पडलेल्या कंगव्यासारखी. ती मी आधी पाहिली होती. शाळेत ताईच्या वर्गाबाहेर तिची वाट बघत उभा असायचो, तेव्हा दारातून फळा दिसायचा. तीच रेघ, तेच उभे दात, खडूने काढलेले, एका जागी हात किंचित घसरलेला. आणि डोंगरही नेमका तिथेच किंचित घसरलेला. तिने चुकीचं काही शिकवलं नव्हतं. हे तिला येऊन सांगायला मला चार महिने मिळाले होते, आणि बंगला तासाभराच्या वाटेवर होता.

गेलो असतो तर तिला कड्याची खरी हकीकत मिळाली असती, आणि रोज दोन तास समोरचा देखावा रिकामा राहिला असता. यातलं बरं कोणतं, याचा हिशेब मला अजून सुटलेला नाही. एवढं खरं की त्या हंगामात लोणावळ्यात आम्ही दोघांनी मिळून दोनच स्थळं पाहिली, आणि ती एकमेकांच्या समोरासमोर होती.

आज सकाळी वसंता पुन्हा डोकावला. "झाली का यादी, काका? उद्याची गाडी आहे."

मी त्याला बसवलं आणि एका दमात सतराही स्थळं लिहून दिली. पाठ होतीच. विशेषणं मात्र या वेळी सगळी घातली. नव्या जोडप्याला ती लागतात. वसंता खुशीत वाचत गेला आणि खाली येऊन थांबला.

"हे अठरावं काय? 'खिंडीत धोंड्यापुढे हिरवा पाला ठेवणे. काटेरी नको.' हे बघायचंय, की करायचंय?"

"करायचंय."

"मग तिथल्या हॉटेलच्या माळ्याकडून दोन डहाळ्या मागवून घेतो. हिला कशाला चढायला लावू? मीच दोघांच्या ठेवीन."

मी त्याच्या हातातून कागद परत घेतला, पेन्सिलीला टोक केलं, आणि अठराव्या ओळीच्या पुढे लिहिलं: ज्याने त्याने आपापल्या हाताने.